लेक वॉशिंग्टन

लेक वॉशिंग्टन हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील गोड्या पाण्याचे एक नैसर्गिक सरोवर आहे. त्याच्या पश्चिम काठावर सिॲटल, पूर्व काठावर बेलव्ह्यू व कर्कलंड, दक्षिण टोकाला रेंटन आणि उत्तर टोकाला केनमोर ही शहरे वसली आहेत. सुमारे ८८ चौ. किमी क्षेत्रफळाचे हे सरोवर राज्यातील नैसर्गिक सरोवरांमध्ये लेक शेलॅनच्या खालोखाल मोठे आहे. त्याची कमाल खोली सुमारे ६५ मीटर, तर सरासरी खोली सुमारे ३३ मीटर आहे. सरोवराच्या दक्षिण भागात मर्सर हे मोठे बेट आहे.

सरोवराचे खोरे शेवटच्या हिमयुगात तयार झाले. त्याचे आजचे काठ, पाण्याची पातळी, त्यात येणाऱ्या व त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे मार्ग मात्र विसाव्या शतकात माणसाने ठरवले आहेत. १९१६ साली जहाजांसाठी कालवा खोदताना सरोवराची पातळी सुमारे २.७ मीटरने उतरवण्यात आली. त्यानंतरच्या काळात भोवतालच्या शहरांचे सांडपाणी त्यात सोडले गेल्याने पाणी शैवालाने गढूळ झाले आणि १९६३ ते १९६८ या काळात ते सांडपाणी दुसरीकडे वळवल्यावर पुन्हा स्वच्छ झाले. या घटनाक्रमाच्या प्रत्येक टप्प्यावर शास्त्रीय मोजमापे उपलब्ध असल्याने प्रदूषित सरोवराच्या पुनरुज्जीवनाचे हे जगातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण मानले जाते. सरोवर इतक्या लवकर का सावरले, याचे उत्तर बऱ्याच अंशी हिमयुगाने मागे ठेवलेल्या खोऱ्याच्या आकारात आहे.

== निर्मिती ==

शेवटच्या हिमयुगात आजच्या कॅनडाच्या पश्चिम भागावर कॉर्डिलेरन हिमस्तर पसरलेला होता. त्याची प्युजेट या नावाने ओळखली जाणारी एक शाखा पूर्वेची कॅस्केड पर्वतरांग आणि पश्चिमेचे ऑलिंपिक पर्वत यांच्यामधील सखल प्रदेशात दक्षिणेकडे सरकत आली. सुमारे १७,००० वर्षांपूर्वी तिने आपली दक्षिण सीमा गाठली. त्या वेळी आज जेथे सिॲटल शहर आहे, तेथे बर्फाची जाडी सुमारे ९०० मीटर होती. भूवैज्ञानिक मापाने पाहिल्यास हा मुक्काम अल्पकाळाचा होता. शहराच्या परिसरात बर्फ साधारण हजार वर्षेच राहिला. मात्र तेवढ्या काळात या प्रदेशाची सारी ठेवण बदलली. सिॲटलमधील टेकड्या, त्यांमधील सखल पट्टे, प्युजेट साउंड ही समुद्राची शाखा आणि लेक वॉशिंग्टन हे सर्व दक्षिणोत्तर पसरलेले आहेत, कारण बर्फाच्या सरकण्याची दिशा तीच होती.

हिमनदी म्हटले की सरकणारा बर्फ खडक खरवडून दरी कोरतो, असे चित्र डोळ्यांसमोर येते. येथे त्यात थोडी दुरुस्ती करावी लागते. या प्रदेशातील खोल चर मुख्यतः बर्फाच्या तळाशी प्रचंड दाबाखाली वाहणाऱ्या वितळपाण्याने कोरले, असे मत भूवैज्ञानिकांनी मांडले आहे. हिमस्तर पुढे सरकत असताना त्याच्या तोंडापुढील नद्यांनी वाळू व रेती यांचे जाड थर पसरले होते. बर्फ त्यांच्यावरून गेला आणि त्याखालच्या पाण्याने त्या मऊ थरांत लांबट खळगे पाडले. यामुळेच सरोवराचे काठ बऱ्याच ठिकाणी एकदम खोल उतरतात आणि त्याचा तळ आज समुद्रसपाटीच्याही सुमारे ६० मीटर खाली आहे.

बर्फ उत्तरेकडे मागे हटू लागल्यावर वितळलेले पाणी त्याच्या तोंडापाशी साचून मोठी हंगामी सरोवरे निर्माण झाली. बर्फाच्या भाराने दबलेली जमीन तेव्हा अद्याप वर उचलली गेली नव्हती. त्यामुळे समुद्राचे पाणी काही काळ या खोऱ्यातही शिरले होते, याच्या खुणा गाळात मिळतात. पुढे जमीन वर आली. दक्षिण टोकाला सीडर नदीने कॅस्केड पर्वतातून आणलेल्या रेती-दगडांचा पंखा रेंटनजवळ पसरवून खोऱ्याचे तोंड अडवले. त्याच्या पलीकडील डुवामिश नदीचे खोरे त्या काळी समुद्राची खाडी होती. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी माउंट रेनियर या ज्वालामुखी पर्वतावरून चिखलाचा एक महाप्रचंड लोंढा खाली आला. त्यानंतर नद्यांनी वाहून आणलेल्या त्याच्या गाळाने ती खाडी हळूहळू भरत गेली.

== तळाचा गाळ ==

सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्या म्हणजे या प्रदेशाच्या इतिहासाची एक प्रकारची नोंदवही आहे. सर्वांत खाली हिमनदीच्या दळणातून आलेली बारीक, घट्ट चिकणमाती सापडते. तिच्यावर डायाटम म्हणजे करंडक शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांनी समृद्ध असलेला मऊ सेंद्रिय गाळ साचला आहे. या गाळात एक फिकट, पातळ थर ठळकपणे दिसतो. ओरेगन राज्यातील माउंट मॅझामा या ज्वालामुखीच्या सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ती राख होय. याच उद्रेकानंतर पर्वतमाथा खचून तेथे आजचे क्रेटर लेक निर्माण झाले. गाळाच्या वरच्या भागात मानवी वस्तीच्या खुणा सुरू होतात. टॅकोमा येथील धातू गाळण्याच्या कारखान्याच्या धुराड्यातून आलेले आर्सेनिकही त्यात आढळले आहे.

सरोवरात बुडालेली जंगलेही आहेत. मर्सर बेटाजवळ पाण्याखाली झाडांचे खुंट अद्याप उभे आहेत. सिॲटल शहराखालून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या प्रस्तरभंगावर सुमारे ११०० वर्षांपूर्वी मोठा भूकंप झाला. त्या वेळी हिमयुगीन वाळू-मातीचे उभे काठ त्यांच्यावरील झाडांसह सरोवरात घसरले. झाडांच्या वाढवलयांच्या अभ्यासातून ही झाडे इ.स. ९२३ ची शरद ऋतू ते ९२४ चा वसंत या सहा महिन्यांच्या काळात मेली, असा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काढण्यात आला.

खोल पाणी आणि त्याखालचा मऊ गाळाचा जाड थर यांमुळे सरोवरावर खांबांचा पूल उभारणे अवघड व फार खर्चिक ठरते. म्हणून येथे काँक्रीटच्या पोकळ तराफ्यांवर तरंगणारे पूल बांधण्यात आले. पहिला तरंगता पूल जुलै १९४० मध्ये खुला झाला. नूतनीकरणाचे काम सुरू असताना २५ नोव्हेंबर १९९० रोजी वादळात पाणी शिरून त्याचा मोठा भाग बुडाला. नंतर तो पुन्हा बांधण्यात आला. २०१६ साली खुला झालेला सुमारे २,३५० मीटर लांबीचा एव्हरग्रीन पॉइंट पूल हा जगातील सर्वांत लांब तरंगता पूल आहे.

== मूळ रहिवासी आणि नाव ==

गोऱ्या वसाहतकारांच्या आगमनापूर्वी सरोवराच्या काठी डुवामिश लोकांची गावे होती. सालमन मासे आणि उथळ दलदलीत उगवणारे वापाटो नावाचे कंद हा त्यांच्या आहाराचा महत्त्वाचा भाग होता. सुरुवातीच्या वसाहतकाळात हे सरोवर लेक डुवामिश म्हणूनही ओळखले जाई. १८५४ साली थॉमस मर्सर यांनी त्याला जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव देण्याचे सुचवले. शेजारच्या लहान सरोवराला लेक युनियन हे नावही त्यांनीच सुचवले होते. पुढे कधीतरी ही दोन सरोवरे आणि समुद्र कालव्याने एकत्र जोडले जातील, ही कल्पना त्या नावामागे होती.

== कालवा आणि पातळीतील घट ==

१९१६ पूर्वी सरोवराचे पाणी दक्षिण टोकाकडून ब्लॅक नदीद्वारे बाहेर पडत असे. ही नदी पुढे डुवामिश नदीला मिळून सिॲटलजवळच्या इलियट उपसागरात पोहोचे. सीडर नदी तेव्हा सरोवरात येत नसून सरोवराबाहेर ब्लॅक नदीला मिळत असे. मोठ्या पुराच्या वेळी सीडरचे पाणी ब्लॅक नदीतून उलटे वाहून सरोवरात शिरे. हिवाळ्यातील पावसाने चढणारी आणि उन्हाळ्यात उतरणारी सरोवराची पातळी वर्षभरात सुमारे २ मीटरपर्यंत बदलत असे. काठावरील दलदली, वेताळ झुडपे व माशांच्या पिलांच्या जागा या चढ-उतारावरच अवलंबून होत्या.

रेंटनमधील पुरांना आळा घालण्यासाठी १९१२ साली सीडर नदीचे पात्र सरोवरात वळवण्यात आले. त्याच सुमारास लेक वॉशिंग्टन, लेक युनियन आणि प्युजेट साउंड यांना जोडणाऱ्या जहाजी कालव्याचे काम चालू होते. लेक युनियनची पातळी लेक वॉशिंग्टनपेक्षा खाली होती. दोन्हींमध्ये दरवाजे ठेवण्याऐवजी वरचे सरोवरच खालच्याच्या पातळीला आणण्याचा पर्याय स्वीकारला गेला. ऑगस्ट १९१६ मध्ये मॉन्टलेक येथील चराच्या तोंडाचा बांध फोडण्यात आला आणि ऑक्टोबरपर्यंत सरोवराचे पाणी सुमारे २.७ मीटरने उतरले. समुद्राच्या बाजूला बॅलार्ड येथे उभारलेल्या जलपाशांमुळे, म्हणजे जहाजांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांच्या कोठड्यांमुळे, गोडे पाणी अडवून धरले गेले. या हायरम चिटेंडन जलपाशांचे औपचारिक उद्घाटन ४ जुलै १९१७ रोजी झाले.

काही आठवड्यांतच ब्लॅक नदी कोरडी पडली. तिच्या काठावरील डुवामिश लोकांच्या दृष्टीने हा केवळ भूगोलातील बदल नव्हता. नदीबरोबर तिच्यातून येणारे सालमनही संपले आणि काठावरच्या दलदली सुकल्याने कंदांची पैदासही गेली. नदीचा एक लहानसा तुकडा आज रेंटनमध्ये उरला आहे, पण त्याचा सरोवराशी संबंध राहिलेला नाही. कालव्याच्या अभियांत्रिकी यशाच्या वर्णनांत या नदीचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो.

पाणी उतरल्याने काठाला नवी जमीन उघडी पडली. उत्तरेकडील युनियन उपसागरात मोठी दलदल पृष्ठभागावर आली. तिच्या एका भागात १९२० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत शहराचा कचरा टाकला जात होता. आज त्याच जागेवर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ताब्यातील निसर्गक्षेत्र आहे. पूर्वी भरतीच्या दिवसांत जवळजवळ बेट होणारा सेवर्ड पार्कचा भूभाग कायमचा जमिनीला जोडला गेला. सरोवराचा वार्षिक तालही उलटला: आता जलपाशांच्या साहाय्याने पातळी उन्हाळ्यात उंच आणि हिवाळ्यात खाली ठेवली जाते व तिच्यातील फरक सुमारे ०.६ मीटरच्या आत राखला जातो.

सीडर नदी सरोवरात वळवण्याचा एक परिणाम तेव्हा कोणाच्या लक्षात आला नसावा. कॅस्केडच्या उतारावरील पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे, पोषकद्रव्ये फारच कमी असलेले पाणी आता मोठ्या प्रमाणावर सरोवरातून वाहू लागले. सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी सीडर नदी आणते. उत्तरेकडून येणारी समामिश नदी हा दुसरा मोठा स्रोत होय. या प्रवाहांमुळे सरोवरातील सर्व पाणी सरासरी अडीच वर्षांच्या आत बदलते. पन्नास वर्षांनंतर ही बाब निर्णायक ठरली.

== सांडपाणी आणि सुपोषण ==

विसाव्या शतकाच्या आरंभी सिॲटलचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी सरोवरात सोडले जाई. १९३० च्या दशकापर्यंत शहराने त्यातील बहुतेक भाग प्युजेट साउंडकडे वळवला. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः तरंगत्या पुलाने पूर्व काठ शहराशी जोडला गेल्यावर, सरोवराभोवती उपनगरे वेगाने वाढली. १९४१ नंतर या लहान शहरांनी एकामागून एक अशी दहा-अकरा सांडपाणी प्रक्रिया केंद्रे काठावर उभारली. तेथील दुय्यम प्रक्रियेत रोगजंतू व सेंद्रिय घाण बरीचशी निघून जाई, परंतु त्यात विरघळलेला फॉस्फरस तसाच राही. १९६० च्या दशकाच्या आरंभी अशा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे प्रमाण दररोज सुमारे ७.५ कोटी लिटरवर गेले होते आणि सरोवरात येणाऱ्या फॉस्फरसपैकी निम्म्याहून अधिक फॉस्फरस त्यातून येत होता.

पोषकद्रव्ये वाढल्याने पाण्यात शैवालांची बेसुमार वाढ होणे, या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. नाव चांगले वाटले तरी परिणाम वाईट असतो. पाणी गढूळ होते, मेलेली शैवाले कुजताना तळाकडील ऑक्सिजन खर्च होतो आणि काठावर दुर्गंधी पसरते. १९५५ मध्ये लेक वॉशिंग्टनमध्ये ऑसिलॅटोरिया रूबेसेन्स हे नील-हरित शैवाल मोठ्या प्रमाणावर आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना त्याचा अर्थ तत्काळ समजला, कारण स्वित्झर्लंडमधील झ्युरिक सरोवराच्या ऱ्हासाची सुरुवातही याच शैवालाच्या आगमनाने झाली होती. योगायोगाने १९३० च्या दशकापासूनच्या काही नोंदी विद्यापीठाकडे होत्या, त्यामुळे बदलाचे मोजमाप करता आले.

पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी सेक्की तबकडी वापरतात. ही पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, ते पाहतात. १९६४ च्या उन्हाळ्यात ती जेमतेम पाऊण मीटरवर अदृश्य होत होती. स्थानिक वृत्तपत्रांनी तोवर सरोवराला दुर्गंधीवरून टोपणनावे ठेवण्यास सुरुवात केली होती.

== सांडपाणी वळवण्याची योजना ==

वकील जेम्स एलिस यांच्या पुढाकाराने सरोवराभोवतीच्या सर्व शहरांसाठी एक संयुक्त महानगर संस्था स्थापन करण्याचा प्रस्ताव तयार झाला. एडमंडसन यांनी पोषकद्रव्यांचा पुरवठा थांबवल्यास काय होईल आणि न थांबवल्यास काय होईल, याची उत्तरे सामान्य नागरिकाला समजतील अशा भाषेत लिहून दिली. मार्च १९५८ च्या मतदानात वाहतूक व नियोजन यांसह मांडलेला व्यापक प्रस्ताव फेटाळला गेला. सिॲटलबाहेरील मतदारांचा त्याला विरोध होता. प्रस्ताव सांडपाण्यापुरता मर्यादित करून सप्टेंबर १९५८ मध्ये पुन्हा मतदान घेण्यात आले आणि मेट्रो या नावाने ओळखली जाणारी संस्था अस्तित्वात आली. सरोवर पुरते बिघडण्याआधी, भविष्यातील धोक्याच्या अंदाजावर विसंबून नागरिकांनी स्वतःवर खर्चाचा बोजा घेतला, ही या प्रकरणातील विशेष बाब होय.

काठाला समांतर मोठ्या वाहिन्या टाकून १९६३ मध्ये सांडपाणी वळवण्यास सुरुवात झाली आणि १९६८ मध्ये काम पूर्ण झाले. रेंटन येथील केंद्राचे प्रक्रिया केलेले पाणी डुवामिश नदीच्या प्रवाहात आणि वेस्ट पॉइंट येथील केंद्राचे पाणी प्युजेट साउंडमध्ये जाऊ लागले. येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. सरोवराचा प्रश्न सुटला तो सांडपाणी नाहीसे झाल्यामुळे नव्हे, तर ते भरती-ओहोटीने सतत ढवळल्या जाणाऱ्या खोल समुद्रात सोडल्यामुळे. वेस्ट पॉइंट येथे दुय्यम प्रक्रिया १९९५ साली सुरू झाली. तोपर्यंत तेथे केवळ प्राथमिक प्रक्रिया होत होती.

== पुनरुज्जीवन ==

सरोवराने अपेक्षेपेक्षा लवकर प्रतिसाद दिला. पाण्यातील फॉस्फरसचे प्रमाण १९६४ च्या सुमारास लिटरमागे सुमारे ७० मायक्रोग्रॅम होते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते २० मायक्रोग्रॅमच्या खाली आले. १९६८ पर्यंत तबकडी सुमारे ३ मीटरपर्यंत दिसू लागली.

या आकड्यांना त्या काळातील एका वादामुळे विशेष महत्त्व आले. शैवालाच्या वाढीस फॉस्फरस कारणीभूत आहे की नायट्रोजन किंवा कार्बन, यावर तेव्हा तीव्र मतभेद होते. धुण्याच्या पावडरींमध्ये फॉस्फेट वापरले जात असल्याने साबण उद्योगाचे हितसंबंधही त्यात गुंतलेले होते. एडमंडसन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, १९६३ ते १९६९ या काळात हिवाळ्यातील फॉस्फेटचे प्रमाण मूळच्या २८ टक्क्यांपर्यंत उतरले, नायट्रेट मात्र सुमारे ८० टक्के टिकून राहिले. आणि शैवालाचे प्रमाण फॉस्फेटबरोबर घटले. एका सबंध सरोवरावर नकळत झालेला हा प्रयोग होता.

सांडपाणी थांबवल्यानंतरही अनेक सरोवरे वर्षानुवर्षे सुधारत नाहीत. उथळ सरोवरात तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस ऑक्सिजन संपताच पुन्हा पाण्यात मिसळतो आणि शैवालाला खाद्य मिळत राहते. लेक वॉशिंग्टनमध्ये असे घडले नाही. हिमयुगात कोरल्या गेलेल्या खोल खळग्यामुळे तळाशी थंड पाण्याचा मोठा साठा असतो. सर्वाधिक प्रदूषणाच्या काळातही त्यातील ऑक्सिजन पूर्णपणे संपला नाही, त्यामुळे फॉस्फरस बहुतांशी गाळातच अडकून राहिला. उरलेला फॉस्फरस सीडर नदीच्या स्वच्छ पाण्याने काही वर्षांत धुऊन नेला. प्रदूषणाचा काळ जेमतेम पाव शतकाचा होता, हेही महत्त्वाचे. त्यामुळे या सरोवराच्या उदाहरणावरून कोणत्याही सरोवराविषयी सरसकट आशा बाळगणे योग्य ठरत नाही.

१९७६ मध्ये आणखी एक बदल झाला. डॅफ्निया हा शैवाल खाणारा सूक्ष्म कवचधारी प्राणी सरोवरात अचानक मोठ्या संख्येने दिसू लागला आणि पाणी पूर्वीपेक्षाही स्वच्छ झाले. पुढील काळात उन्हाळ्यात तबकडी ६ ते ७ मीटरपर्यंत दिसू लागली. डॅफ्नियाला तोपर्यंत दोन अडथळे होते. ऑसिलॅटोरियाचे लांब तंतू त्याच्या अन्न गाळण्याच्या अवयवांत अडकत आणि निओमायसिस नावाची लहान कोळंबीसदृश जात त्याला खात असे. शैवाल घटल्याने पहिला अडथळा दूर झाला. दुसरा अडथळा सीडर नदीमुळे दूर झाला: नदीच्या पात्रातील रेती उपसणे कमी झाल्यावर तेथे अंडी घालणाऱ्या लाँगफिन स्मेल्ट माशांची संख्या वाढली आणि त्यांनी निओमायसिस फस्त केले, असे स्पष्टीकरण दिले जाते. पुराच्या नियंत्रणासाठी नदीपात्रात होणारे काम आणि सरोवरातील पाण्याची पारदर्शकता यांचा असा संबंध असेल, हे कोणत्याही योजनेत गृहीत धरलेले नव्हते.

== सद्यस्थिती ==

आज सरोवराचा काठ हा राज्यातील सर्वांत महागड्या निवासी भागांपैकी एक आहे. पूर्वेकडील शहरांत माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे भारतातून आलेली, त्यांत मराठी भाषकही असलेली, अनेक कुटुंबे राहतात. पाणी पोहण्यायोग्य आहे. मात्र काठाचा बहुतांश भाग संरक्षक भिंती, धक्के व खासगी घाट यांनी व्यापला आहे. नैसर्गिक उताराचा, झुडपांचा काठ थोडाच उरल्याने समुद्राकडे जाणाऱ्या सालमनच्या पिलांना लपायला जागा कमी मिळते.

सॉकआय सालमनची येथील संख्या मुख्यतः १९३० व १९४० च्या दशकांत बेकर नदीतून आणून सोडलेल्या माशांपासून वाढली असे मानले जाते. हे मासे जलपाशांतून कालव्यात येतात. उन्हाळ्यात कालव्याचे उथळ पाणी बरेच तापते व परतणारे मासे त्यात दुर्बल होतात. अलीकडच्या दशकांत त्यांची संख्या फार घटली आहे. शहरी ओढ्यांतून येणारे रस्त्यांवरील पावसाचे पाणी हा दुसरा प्रश्न आहे. सिॲटल परिसरातील ओढ्यांत कोहो सालमन मोठ्या प्रमाणावर मरण्यामागे मोटारींच्या टायरमधील एका संरक्षक रसायनापासून तयार होणारा पदार्थ असल्याचे २०२० साली संशोधकांनी दाखवून दिले.

सरोवराच्या तापमानातही वाढ झाली आहे. वसंत ऋतूत वरचे पाणी तापून खालच्या थंड पाण्यापासून वेगळे होण्याची क्रिया आणि तिच्याबरोबर येणारा डायाटमांचा बहर १९६२ च्या तुलनेत २० हून अधिक दिवस आधी येऊ लागल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. डॅफ्नियाचा हंगाम त्या प्रमाणात पुढे सरकलेला नाही. त्यामुळे त्याची संख्या वाढू लागते, तोवर त्याचे वसंतातील खाद्य ओसरलेले असते, आणि त्याची दीर्घकालीन घट या विसंगतीशी जोडली जाते. विद्यापीठ आणि किंग काउंटी यांच्यामार्फत सरोवराच्या पाण्याची नियमित मोजमापे चालू आहेत.